मेंदूविज्ञानाचं नीतिशास्त्र कसं शिकवावं: प्रशिक्षणाची आखणी करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

संशोधन-नीतीचं प्रशिक्षण बऱ्याच ठिकाणी एका बैठकीत उरकलं जातं. स्लाइड्स होतात, शेवटी काही बहुपर्यायी प्रश्न सोडवून घेतात, प्रमाणपत्र मिळतं आणि दुसऱ्या दिवसापासून काम होतं तसंच सुरू राहतं. मेंदूवर काम करणाऱ्यांना एवढ्यावर सोडणं मला धोक्याचं वाटतं. इथे ज्या अवयवावर प्रयोग चालतो, त्याच अवयवाच्या जोरावर माणूस हो म्हणतो, नाही म्हणतो, आपलं भलं कशात आहे ते ठरवतो. प्रयोगाने तोच बदलला, तर संमती दिली कोणी आणि ती मागे घ्यायची कोणी, हा प्रश्न थेट आपल्या टेबलावर येऊन पडतो.

हा लेख असं प्रशिक्षण आखणाऱ्यांसाठी आहे. समोर पीएचडीचे विद्यार्थी असोत, न्यूरोसर्जन असोत, उपकरणं बनवणाऱ्या कंपनीतले इंजिनिअर असोत की एथिक्स कमिटीचे सदस्य, माझा आग्रह एकच आहे: प्रशिक्षण लागू पडलं का, हे प्रशिक्षणार्थींच्या कागदपत्रांत दिसलं पाहिजे. संमतीपत्रातलं वाक्य बदललं, डेटा कोणाला दिसतो ते बदललं, प्रयोग संपल्यानंतरची तजवीज प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्यात आली, तर शिकवणं पोचलं असं समजा.

पायरी १: आधी त्यांचे कागद वाचा

अभ्यासक्रम ठरवण्याआधी प्रशिक्षणार्थींकडून तीन गोष्टी मागवा: सध्या चालू असलेला प्रोटोकॉल, त्याचं संमतीपत्र आणि डेटा कुठून कुठे जातो याचं अर्ध्या पानाचं वर्णन. सोबत एकच प्रश्न विचारा, ‘या कामात तुम्ही शेवटचे कधी अडखळलात?’ उत्तरं आली की काय शिकवायचं ते बहुतेक ठरूनच जातं. ईईजीवर, म्हणजे डोक्यावरून मेंदूच्या विद्युत लहरी नोंदवणाऱ्या चाचणीवर, काम करणाऱ्या गटाची अडचण डेटाची असेल, शल्यविशारदांची संमतीची आणि इम्प्लांटच्या (शरीरात बसवलेल्या यंत्राच्या) देखभालीची, तर वकिलांना मेंदूच्या प्रतिमांचा पुराव्याला किती आधार आहे ते जाणून घ्यायचं असेल. सगळ्यांना एकच पाठ्यक्रम दिला, तर प्रत्येकाचा निम्मा वेळ वाया जातो.

पायरी २: गट मिसळलेला ठेवा

बारा ते पंधरा जणांचा गट पुरेसा आहे. त्यात निरनिराळ्या पायरीवरची माणसं हवीत. संमतीपत्रावर सही घेणारी संशोधन-सहायक, स्कॅनर चालवणारा तंत्रज्ञ आणि मुख्य संशोधक एकाच टेबलाशी बसले, की कागदावरची पद्धत आणि प्रत्यक्षातली पद्धत यांतलं अंतर आपोआप बाहेर येतं. मात्र वरिष्ठ आधी बोलले, तर बाकीचे गप्प बसतात. म्हणून प्रत्येक प्रश्नावर सगळ्यांनी आधी दोन मिनिटं लिहायचं आणि बोलायला सुरुवात सर्वांत कनिष्ठ माणसाने करायची, असा नियम पहिल्याच दिवशी सांगून टाका.

अपस्मार, पार्किन्सन किंवा नैराश्य स्वतः अनुभवलेली, शक्य झाल्यास एखाद्या चाचणीत भाग घेतलेली व्यक्ती किमान दोन सत्रांना हवी. तिला मानधन द्या. ‘आपली कहाणी सांगा’ असं म्हणून तिला उभं करू नका. तिच्या हातात संमतीपत्र द्या आणि ते तपासायला सांगा. मी पाहिलेल्या सत्रांमध्ये सगळ्यांत नेमक्या दुरुस्त्या अशा माणसांनीच सुचवल्या आहेत.

वेळेबद्दल सांगायचं तर, एका दिवसाच्या कार्यशाळेपेक्षा दर आठवड्याला दोन तास अशी सहा-सात सत्रं बरी. मधल्या दिवसांत माणसं आपल्या कामाकडे नव्या नजरेने बघतात आणि पुढच्या सत्राला प्रश्न घेऊन येतात.

पायरी ३: पाया घाला, पण त्यावर रेंगाळू नका

पहिलं सत्र इतिहासाचं आणि तंत्राच्या मर्यादांचं. १९४७ची न्यूरेम्बर्ग संहिता, १९६४चा हेलसिंकी जाहीरनामा, १९७९चा बेलमाँट अहवाल हे माणसांवरच्या संशोधनाच्या नीतीचे पायाभूत दस्तऐवज प्रशिक्षणार्थींनी आधी वाचून यावेत. वर्गात मेंदूविज्ञानाचा स्वतःचा इतिहास घ्या. मेंदूच्या पुढच्या भागातले जोड तोडणाऱ्या शस्त्रक्रियेसाठी इगाश मोनिझ यांना १९४९ साली नोबेल मिळालं, आणि पुढे याच शस्त्रक्रियेच्या प्रकारांनी हजारो रुग्णांचं कायमचं नुकसान झालं. १९५३ साली अपस्मारावर इलाज म्हणून हेन्री मोलेसन यांच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा (आठवणी घडवणाऱ्या भागाचा) बराचसा भाग काढला गेला. त्यानंतर त्यांच्या मनात नवी आठवण टिकेना. २००८ मध्ये ते वारले, तोवर स्मृतीच्या शास्त्राला त्यांनी अपार दिलं होतं. इथे वर्गाला विचारा: ज्याला काल भेटलेला संशोधक आज आठवत नाही, त्याची अनेक दशकं चालणाऱ्या अभ्यासाला संमती कशी घ्यायची? हा प्रश्न विचारून लगेच उत्तर मागू नका. पुढच्या सत्रांत तो पुन्हा वर येतो.

या विषयाला, म्हणजे मेंदूविज्ञानाच्या नीतिशास्त्राला (न्यूरोएथिक्स), स्वतंत्र ओळख मिळाली ती २००२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या परिषदेनंतर. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यूरोएथिक्स संस्था उभी राहिली, २०१९ मध्ये ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेने मेंदूच्या तंत्रज्ञानाबाबत शिफारशी केल्या आणि २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक शिफारस स्वीकारली. एवढी यादी फळ्यावर लिहून पुढे जा.

तंत्राच्या मर्यादांवर मात्र वेळ द्या. एफएमआरआय, म्हणजे मेंदूचं काम टिपणारा स्कॅन, थेट विचार मोजत नाही, तो रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलावरून चेतापेशींच्या हालचालीचा अंदाज बांधतो. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एका मेलेल्या सामन माशाला स्कॅनरमध्ये ठेवून माणसांची छायाचित्रं ‘दाखवली’. एकाच वेळी हजारो ठिकाणी केलेल्या तुलनांची संख्याशास्त्रीय दुरुस्ती न केल्यावर माशाच्या मेंदूतही ‘हालचाल’ दिसली. २०१६ मध्ये अँडर्स एक्लुंड यांच्या गटाने दाखवून दिलं, की प्रचलित सॉफ्टवेअरमधल्या काही पद्धतींत खोट्या निष्कर्षांचं प्रमाण अपेक्षित ५ टक्क्यांऐवजी ७० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. आपलं यंत्र काय सांगतं आणि काय सांगू शकत नाही, हे ज्याला माहीत नाही, तो सहभागीला काय समजावणार? म्हणून मी हा भाग नीतीच्याच सत्रात ठेवते.

पायरी ४: प्रकरण एकदम सांगू नका, थांबत थांबत उलगडा

प्रकरणांवरून शिकवायचं हे सगळेच सांगतात, पण बहुतेक ठिकाणी प्रकरण एका दमात सांगून ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारलं जातं. मग ज्याचं जे मत आधीपासून होतं तेच तो बोलून दाखवतो. त्यापेक्षा माहिती हप्त्याहप्त्याने द्या.

नेदरलँड्समधलं २००४ साली प्रसिद्ध झालेलं एक प्रकरण मी हमखास वापरते. पहिला हप्ता: तीव्र पार्किन्सन असलेले ६२ वर्षांचे गृहस्थ. डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे मेंदूत बसवलेल्या तारांतून सौम्य वीज देणारं यंत्र, सुरू केल्यावर त्यांच्या शारीरिक हालचाली सुधारल्या. इथे थांबा आणि विचारा, ‘यश कशावरून ठरवाल?’ लिहून घ्या.

दुसरा हप्ता: काही काळाने त्यांना उन्मादाची अवस्था आली. औषधांनी ती आटोक्यात येईना. स्टिम्युलेशन कमी केलं की मन ठिकाणावर येई, पण शरीर जवळजवळ जखडून जाई. पुन्हा थांबा. ‘आता निर्णय कोणाचा? आणि तो कोणत्या अवस्थेत विचारायचा, यंत्र चालू असताना की बंद असताना?’

तिसरा हप्ता: यंत्र बंद असताना, निर्णयक्षम असल्याची खात्री करून, त्यांना विचारलं गेलं. त्यांनी यंत्र चालू ठेवणं निवडलं आणि त्यासाठी मनोरुग्णालयात राहायला संमती दिली.

इथे वर्ग दुभंगतो, आणि तो दुभंगायलाच हवा. काही जण म्हणतील की शांत डोक्याने घेतलेला हा निर्णय मान्य केलाच पाहिजे. काहींना वाटेल की उन्मादाच्या अवस्थेत आपण काय काय करू शकतो, याची कल्पना त्या शांत माणसाला खरोखर होती का? सत्र चालवणाऱ्याने या वेळी चार प्रश्न हाताशी ठेवावेत. यात कोणाकोणावर परिणाम होतो? आपल्याला नक्की काय माहीत आहे आणि काय आपण गृहीत धरतोय? कोणता निर्णय कोणाच्या अधिकारातला? आणि कोणती एक गोष्ट कळली तर तुमचं मत बदलेल? या शेवटच्या प्रश्नाने वादाला विचाराचं वळण लागतं. सगळ्यांचं एकमत व्हायची गरज नाही, पण ‘ज्याचं त्याचं मत’ असं म्हणून सत्र गुंडाळूही नका. कोणतं कारण टिकलं आणि कोणतं टिकलं नाही, ते फळ्यावर दिसायला हवं.

प्रकरण संपलं की शेवटची वीस मिनिटं कामाची: शस्त्रक्रियेच्या आधीच हा प्रसंग गृहीत धरून रुग्णाशी काय बोलून ठेवता आलं असतं? तो परिच्छेद प्रत्येकाने स्वतःच्या संमतीपत्रासाठी लिहून द्यायचा.

बेशुद्धावस्थेतल्या रुग्णांवर काम करणाऱ्यांसाठी दुसरं प्रकरण निवडा. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शुद्धीत नसल्यासारख्या किंवा जेमतेम शुद्धीत दिसणाऱ्या ५४ रुग्णांपैकी पाच जणांना स्कॅनरमध्ये सांगितल्याप्रमाणे मनात कल्पना करता आली, आणि त्यांतल्या एकाने त्याच मार्गाने हो-नाहीची उत्तरंही दिली. अशा रुग्णाला कोणते प्रश्न विचारायचे आणि कोणते विचारायचे नाहीत, यावर दोन तास कमी पडतात.

पायरी ५: संमती घ्यायचा प्रत्यक्ष सराव

वेळ फारच कमी असेल, तर बाकी सगळं सोडा पण हे सत्र सोडू नका. संमतीपत्र वाचून दाखवणं आणि समजावणं यांत किती अंतर आहे, हे केल्याशिवाय कळत नाही.

तिघांचे गट करा: एक संशोधक, एक सहभागी, एक निरीक्षक. सहभागीच्या भूमिकेतल्या माणसाला गुपचूप चिठ्ठी द्या: ‘तुमचा हात थरथरतो, तुम्ही सगळे इलाज करून थकला आहात, हे डॉक्टर काहीतरी करतील अशी तुम्हाला आशा आहे.’ संशोधक नेहमीप्रमाणे समजावून सांगतो. मग त्याने विचारायचं, ‘मी नीट सांगितलं का ते मला कळायला हवं. घरी गेल्यावर तुम्ही हे मुलीला कसं सांगाल?’

उत्तर बहुधा असं येतं: ‘सांगेन, डॉक्टर नवीन मशीन बसवणार आहेत, त्याने हात थरथरायचा थांबेल.’

या क्षणी संशोधक काय करतो, तेच निरीक्षकाने टिपायचं. बहुतेक जण आधीचंच वाक्य जरा हळू आणि मोठ्याने म्हणतात. काही जण ‘बरोबर’ म्हणून पुढे जातात, ते त्याहून वाईट. संशोधनालाच उपचार समजण्याची ही चूक सहभागीची नसते. दवाखान्याची खोली, पांढरा कोट, ‘मदत’ हा शब्द, सगळं तिकडेच ढकलत असतं. सराव करायचा तो अशा वाक्यांचा:

‘हात थांबेल की नाही, हे अजून कोणालाच माहीत नाही, मलाही नाही. यंत्र सुरक्षित आहे का, हे आम्हाला या अभ्यासातून पाहायचं आहे. काही जणांचं यंत्र पहिले काही महिने बंदच राहील, आणि कोणाचं बंद आहे ते तुम्हालाही कळणार नाही, मलाही नाही. तुम्ही नको म्हणालात, तरी तुमचे नेहमीचे उपचार आहेत तसेच चालू राहतील.’

यानंतर पुन्हा तोच प्रश्न: ‘आता मुलीला काय सांगाल?’ समजलेलं स्वतःच्या शब्दांत परत येईपर्यंत सही घ्यायची नाही. निर्णयक्षमता तपासायला मॅककॅट-सीआर यासारखी प्रमाणित पद्धत आहे. समजणं, आपल्या परिस्थितीला लावून पाहणं, कारण देता येणं आणि निवड सांगता येणं, या चार बाजूंनी ती माणसाकडे बघते. मानसिक आजाराचं निदान आहे एवढ्यावरून कोणालाही अक्षम ठरवता येत नाही, हे स्पष्ट शब्दांत शिकवा. पार्किन्सनमध्ये औषधाचा असर उतरला की बोलणं, लक्ष देणं जड जातं. संमतीची भेट दिवसाच्या कोणत्या वेळी ठेवायची, हाही नीतीचाच निर्णय आहे. आणि मेंदूवर परिणाम करणारं यंत्र सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी संमती पुन्हा विचारायची, हे प्रोटोकॉलमध्ये तारखांसह लिहायला लावा.

पायरी ६: स्कॅनमध्ये भलतंच काही दिसलं तर

निरोगी स्वयंसेवकाच्या एमआरआयमध्ये कधी गाठ दिसते, कधी रक्तवाहिनीचा फुगा. २००९ मध्ये सुमारे वीस हजार लोकांच्या स्कॅनचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळ २.७ टक्के, म्हणजे साधारण ३७ जणांत एकाला होते. तेव्हा ज्या प्रयोगशाळेत वर्षभर स्कॅन चालतात, तिथे हे घडणारच असं धरून चाला.

वर्गात पाच प्रश्नांची लेखी उत्तरं घ्या: स्कॅन रेडिओलॉजिस्टला कोण दाखवणार, किती दिवसांत, सहभागीला कोण कळवणार, कोणत्या शब्दांत, आणि पुढच्या तपासणीचा खर्च कोण करणार? मग फोन लावायचा सराव. तंत्रज्ञाने स्कॅनच्या वेळी चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही आणि अंदाज सांगायचा नाही, हेही करून बघा, कारण सहभागी बाहेर आल्यावर पहिला प्रश्न त्यालाच विचारतो: ‘सगळं ठीक आहे ना?’

पायरी ७: डेटाचा नकाशा

नाव आणि जन्मतारीख काढली की डेटा निनावी झाला, हा समज मोडायला एक अभ्यास पुरतो. २०१९ मध्ये ८४ स्वयंसेवकांच्या डोक्याच्या एमआरआयवरून चेहरे उभे करून ते चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला दिले गेले. ८३ टक्के वेळा त्याने माणूस बरोबर ओळखला. प्रत्येकाने आपल्या डेटाचा रस्ता कागदावर काढायचा: स्कॅनर, लॅपटॉप, क्लाउड, सहकारी संस्था, सार्वजनिक भांडार. प्रत्येक थांब्यावर लिहायचं, इथे हे कोण उघडू शकतं आणि सहभागीने ‘पुसून टाका’ म्हटलं तर इथून ते पुसता येतं का. हा नकाशा काढताना बऱ्याच जणांचा हात दुसऱ्या-तिसऱ्या थांब्यावरच अडतो.

कायद्याचं थोडक्यात सांगा. चिलीने २०२१ मध्ये मेंदूच्या हालचाली आणि त्यातून मिळणारी माहिती यांच्या संरक्षणाचा उल्लेख थेट राज्यघटनेत आणला. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका कंपनीला डोक्यावर घालायच्या ईईजी उपकरणातून गोळा झालेला डेटा पुसायचा आदेश दिला. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी चेतासंस्थेचा डेटा गोपनीयतेच्या कायद्यात घेतला. कंपनीतले प्रशिक्षणार्थी हा भाग कान देऊन ऐकतात.

पायरी ८: प्रयोग संपल्यावर त्या माणसाचं काय?

अर्जुनाला आत शिरायचा आणि बाहेर पडायचा असे दोन्ही मार्ग माहीत होते, अभिमन्यूला एकच. इम्प्लांटच्या बऱ्याच चाचण्यांत सहभागीची गत अभिमन्यूसारखी होते. आर्गस टू हे डोळ्याच्या पडद्यावर बसवायचं इम्प्लांट जगभरात ३५०हून अधिक लोकांना बसवलं गेलं. बनवणाऱ्या कंपनीने ते बंद केलं आणि लोकांच्या शरीरात दुरुस्ती नसलेलं यंत्र उरलं. ऑस्ट्रेलियात अपस्माराचा झटका आधी ओळखणाऱ्या उपकरणाची चाचणी झाली. कंपनीकडचा पैसा संपला आणि उपकरणं काढावी लागली. ते उपकरण आपलाच भाग झालं होतं असं सांगणाऱ्या एका महिलेला ते ठेवायचं होतं. तिला ते ठेवता आलं नाही.

या सत्रात प्रत्येक गटाने एक पान लिहायचं: चाचणी ठरल्या दिवशी संपली, मध्येच थांबली किंवा कंपनी बुडाली, तर बॅटरी कोण बदलणार, यंत्र काढायचं की ठेवायचं हे कोण ठरवणार, आणि त्यासाठीचे पैसे आज कुठे बाजूला ठेवलेले आहेत? पैशाच्या रकान्यात ‘नंतर ठरवू’ लिहिलेलं पान परत करा. मी या बाबतीत सवलत देत नाही. यंत्र ज्याच्या डोक्यात आहे, त्याला नंतर ठरवायची सोय नसते.

पायरी ९: दाव्यांना लगाम

हे सत्र छोटं. प्रत्येकाने आपल्या ताज्या शोधनिबंधाची बातमी शंभर शब्दांत लिहायची आणि शेजाऱ्याने त्यातले ‘मेंदू वाचला’, ‘नैराश्याचं केंद्र सापडलं’ असे शब्द खोडायचे. वकील किंवा पोलिस वर्गात असतील, तर भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१०चा सेल्वी निकाल वाचायला द्या. संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या लहरींची चाचणी करता येणार नाही असं त्यात म्हटलं आहे. विज्ञानाचा दावा न्यायालयात गेल्यावर माणसाच्या मौनाचं काय होतं, हे त्यातून फार स्वच्छ कळतं.

पायरी १०: मोजायचं ते नेमकं मोजा

हजेरी आणि ‘सत्र आवडलं का?’ या फॉर्मवरून काही समजत नाही. सुरुवातीला एक अनोळखी प्रकरण देऊन पानभर लिहून घ्या, शेवटी तशाच अवघडपणाचं दुसरं द्या. नावं झाकून दोघांनी तपासायचं: प्रश्न दिसला का, बाधित होणारी माणसं ओळखली का, दुसऱ्या बाजूचं सर्वांत बळकट कारण मांडलं का, करण्याजोगी कृती सुचवली का. मानसशास्त्रज्ञ जेम्स रेस्ट यांनी नैतिक वागणुकीचे चार भाग सांगितले आहेत: जाणीव, निर्णय, प्रेरणा आणि तडीस नेण्याची ताकद. लेखी परीक्षेत पहिले दोनच दिसतात. उरलेल्या दोन भागांसाठी तीन महिन्यांनी पुन्हा जायला लागतं. तेव्हा पहिल्या पायरीला मागवलेले तेच कागद पुन्हा मागवा आणि जुनं-नवं शेजारी ठेवून बदलांवर खुणा करा. बदल नसेल तर का नाही, ते विचारा. पुष्कळदा उत्तर असतं, ‘आम्ही सुचवलं, वरून नाही म्हणाले.’ मग पुढचं सत्र त्या वरच्या माणसांसाठी घ्यायचं.

प्रशिक्षण झाल्यावर महिन्यातून एक तास सल्ल्यासाठी राखून ठेवा. अट एवढीच, की प्रश्न आणणाऱ्याची वरिष्ठांकडे वाच्यता होणार नाही. कोणाला इजा होण्याचा धोका असेल, तर त्याला अपवाद असेल आणि तो सुरुवातीलाच सांगितलेला असेल. आलेले प्रश्न ओळख पुसून वहीत नोंदवा. पुढच्या तुकडीसाठीची प्रकरणं त्याच वहीतून निवडायची.